नेपाळीणीची ओटी

आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान ज्या बाईनं बंद पाडलं, तिला या देशात मत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात विचाराल तर दुसऱ्यांचीच कौतुकं ऐकायला मिळतील.

ती नेपाळची. नवरा सरपंचांच्या सोयाबीनच्या गोदामावर राखणदार. सरपंच म्हणजे कागदोपत्री त्यांची बायको. ती सही करते, बाकी सगळं हे करतात. नेपाळीण गोदामामागच्या खोलीत राहायची आणि माझ्याकडे साड्यांना फॉल लावायला यायची. मी ब्लाउज शिवते. इतक्या वर्षांत तिनं आमची भाषा अशी उचलली होती की भांडायला लागली तर गावच्या बायका मागं सरायच्या. नवरा मात्र पिऊन पिऊन पिवळा पडला होता. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, यकृत संपत आलंय, आता प्यायला तर वाचणार नाही. आणि दुकान गोदामाच्या बरोब्बर समोर. ती त्याला खोलीत कोंडून कडी घालायची, तो खिडकीतून पोरांकडून मागवायचा.

मग तिला कुणीतरी आडव्या बाटलीचं सांगितलं. गावातल्या निम्म्याहून जास्त बाई मतदारांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान उठतं. आम्हाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण पुढं व्हायचं कुणी? ती झाली. संक्रांतीनंतर घरोघर हळदीकुंकू चालतं, तिथं ही आमंत्रण नसलं तरी जायची. तिळगूळ हातावर पडला की सुरू. "बाई, तुमचा बी पितोय, माझा बी पितोय. शिक्का तुमच्या हातात हाय, माझ्या न्हाय." बायका हसायच्या, मग मतदान घ्या म्हणणाऱ्या अर्जावर अंगठा उठवायच्या.

मतदान ठरलं तेव्हा दुकानदारानं सगळ्यांना फुकट चहा पाजला. त्याचा हिशेब साधा होता. गावातल्या कितीतरी बायका ऊसतोडीला गेलेल्या, आणि जी बाई मत द्यायला येत नाही ती उभ्या बाटलीला, म्हणजे दुकानालाच उपयोगी पडते. नेपाळीण दुसऱ्याच दिवशी फडावर गेली. मुकादम म्हणाला, बायका सोडतो, पण ट्रॉली भरली पाहिजे. गडी ऊस तोडतील, मोळ्या कोण बांधणार? ती म्हणाली, म्या बांधते. मतदानाच्या दिवशी आमच्या गावच्या बायका टेम्पोत बसून शिक्का मारायला आल्या, आणि जिच्या शिक्क्याला किंमत नव्हती ती त्यांच्या जागी फडात मोळ्या बांधत, डोक्यावर वाहत राहिली.

बाटली आडवी झाली. सरपंचीणबाईंच्या तोंडाला इतका गुलाल फासला की फोटोत त्या ओळखू येईनात. नेपाळीण संध्याकाळी आली तेव्हा मंडप सोडत होते. उसाच्या पाल्यानं तिचे हात कोपरापर्यंत चिरले होते. "उठलं ना दुकान?" एवढंच तिनं मला विचारलं आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून रडली. त्यानंतर काही आठवडे तिचा नवरा कोरडा राहिला. भाकरी खायला लागला. ती खिडकी उघडी ठेवायला लागली.

दुकानदार काही गप्प बसणारा नव्हता. त्यानं वर अर्ज केला, परदेशातल्या बाईनं मतदार गोळा केले, मतदान रद्द करा. चौकशी लागली. देवळात बायकांची बैठक बसली आणि सरपंचांनी गोड आवाजात सांगितलं, "ती गावातच नसली तर चौकशी कुणाची करतेत? बगा बाबा, दुकान पुन्हा सुरू झालं तर मला म्हणू नका."

मी उठून बोलले. म्हटलं, तिनं कुणावर बळजबरी केली का, येऊ द्या की चौकशी, आपण सगळ्या जाऊन सांगू. तर जिची मोळी तिनं दिवसभर वाहिली होती तीच बाई म्हणाली, "आपल्या गावचं भलं बगायचं का परक्या मुलखाचं?" गरज सरो, वैद्य मरो. बाकीच्या माना हलल्या. या बायकांचे ब्लाउज मी आजही शिवते, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

बरं, नुसतं हाकललं असतं तरी चाललं असतं. पण मन खाऊ नये म्हणून यांनी तिची ओटी भरायची ठरवली, सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी. ब्लाउजपीस माझ्याकडं मागायला आल्या. मी दिला नाही. मग तालुक्याला, वाशीच्या बाजारातून आणला. सरपंचांनी नवऱ्याला दुसरीकडं काम बघून दिलं होतं. सामान टेम्पोत चढलं होतं, नवरा पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. गोदामासमोर पाट मांडून तिला बसवलं, कुंकू लावलं, पदरात तांदूळ आणि नारळ घातला. ती पदर सावरून बसली, मोठ्या बायकांच्या पाया पडली. मग सरपंचांना म्हणाली, "मालक, काम कुठं बगितलंय ते सांगितलं न्हाय तुमी."

"हायवेला आपल्या पाव्हण्याचा परमिट रूम हाय. राखणदारी. राहायला खोली बी आतच."

ती पाटावरून उठली. पदरातले तांदूळ खाली सांडले. "तितं नको, मालक. कुटंबी पाठवा, तितं नको."

"अगं, मिळतंय ते घ्यावं माणसानं," एक म्हातारी समजुतीनं म्हणाली. "छप्पर हाय, पगार हाय. आन काय पायजे?" बायका तांदूळ गोळा करून पुन्हा तिच्या पदरात टाकायला लागल्या.

तिनं टेम्पोकडं पाहिलं. नवरा खिडकीतून डोकं बाहेर काढून बसला होता, कित्येक दिवसांत दिसला नव्हता इतका खुशीत.

"चल की गं," तो म्हणाला, "उशीर व्हायलाय."