ओलं फडकं आणि चारचा चहा

दिवेमास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलं नव्हतं, आणि ज्या शाळेत ते शिकले तीही अर्ध्यावर सोडलेली. तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचा दिवा परत दिला नव्हता. त्यांचं काम एकच. गाडीच्या पुढच्या बंपरमध्ये, अगदी खाली, जे फॉग लॅम्प असतात त्यांच्यात पाणी शिरतं आणि काच आतून घामेजते. मग दिवा लागतो खरा, पण उजेड रस्त्यावर पडायचा सोडून काचेतच घुटमळत बसतो. ती ओल बाहेर काढून दिवा कोरडा करून द्यायचा. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बसून मास्तर गेली कित्येक वर्षं हेच करत होते, आणि आता मनापासून कंटाळले होते. पाठ कंटाळली होती, बोटं कंटाळली होती, आणि सुनावायचे ते चार शब्दही तेच ते होऊन गेले होते.

त्यातले दोन तरी एका भोकाबद्दल असत. दिव्याच्या मागे, खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. आतली गरम हवा त्यातून बाहेर पडते, ओलही तिथूनच निघून जाते. पण लोकांना वाटतं पाणी इथूनच शिरतंय. मग कुणी डिंक भरतो, कुणी मेण, एकाने तर चघळलेलं च्युइंगगम लावून आणलं होतं. "भोक दिसलं की हात शिवशिवतात तुमचे," मास्तर म्हणायचे. "तुमच्या नाकात बोळे घालून धावायला सांगितलं तर चालेल का?" गिऱ्हाईक हसायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा भोक बुजवून आणायचं.

दिवा उघडणं हे सगळ्यात जिकिरीचं. बेकरीतून मोडीत निघालेली एक छोटी भट्टी त्यांच्याकडे होती. तिच्यात दिवा बेताने तापवायचा, कडेचा गोंद मऊ झाला की काच अलगद सोडवायची. ताप जास्त झाला तर आतला चांदीसारखा मुलामा काळवंडतो आणि दिवा कायमचा आंधळा होतो. मग केस वाळवायच्या यंत्राने आतली ओल घालवायची, कडक झालेलं रबर बदलायचं, नवा गोंद भरून काच दाबून बसवायची.

पण मास्तरांची खरी कसोटी पुढे असे. दिवा बराच वेळ पेटता ठेवून ते स्वयंपाकघरात जायचे, फ्रिजमधून बर्फ काढायचे, त्याच्या पाण्यात फडकं बुडवून तापलेल्या काचेवर ठेवायचे. आत थेंबभरही ओल राहिली असेल तर फडकं उचलल्यावर त्या जागी आतून ढग धरलेला दिसतो. ढग दिसला की दिवा पुन्हा उघडायचा, मग गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही चडफडो. इतरांच्या कामात आणि मास्तरांच्या कामात फरक होता तो एवढ्या एका ओल्या फडक्याचा.

आणि गेल्या वर्षापासून मास्तरांना प्रत्येक काचेवर ढग दिसत होता.

आधी त्यांनी गोंदाला शिव्या घातल्या. मग हवेला, मग रबर विकणाऱ्याला. एके दिवशी पाणी पिताना पेला खिडकीसमोर धरला, तर कोरडा, घासून पुसून ठेवलेला पेलाही तसाच धुरकट. त्या दिवसापासून मास्तर शिव्या द्यायचे थांबले. मोतीबिंदू हा शब्द त्यांना ठाऊक होता. त्यांच्या थोरल्या भावाचं ऑपरेशन बिघडून एक डोळा गेला होता, तेव्हापासून हा शब्द घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. ज्याला वाफच दिसत नाही त्याच्याकडे वाफ काढायला कोण दिवा आणेल? मास्तरांनी तोंडाला कुलूप लावलं, आणि विशेष म्हणजे त्यांचं काम काही बिघडलं नाही. दिवे कोरडे होऊन जात होते, तक्रार नव्हती. हाताला सवय आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

त्यांना काळजी लागली होती ती बायकोची. ती विसरायला लागली होती. पित्तामुळे मास्तरांनी दुपारचा चहा कधीच सोडला होता, आणि हे तिला पक्कं माहीत होतं. सोडायला लावला होता तो तिनेच. तरी हल्ली मास्तरांनी काचेवर फडकं ठेवलं रे ठेवलं की ही कप घेऊन हजर.

"अगं, मी चहा घेत नाही ना आता!"

"अय्या, विसरलेच की. आणलाय तर राहू दे." कप ठेवायचा, आणि ठेवता ठेवता दिव्यावर वाकून काहीतरी बोलायचं. "किती लख्ख झालाय, वेणी घालावी यात बघून." नाहीतर, "याला बाई अजून घाम फुटलाय." मग निघून जायचं. चहा थंड व्हायचा, मास्तर तो मोरीत ओतायचे. या बाईने संसारभर कधी दिव्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. म्हातारपणी हिला नवी बडबड सुचतेय, असं त्यांना वाटायचं. घाम फुटलाय म्हणाली की ते तो दिवा पुन्हा उघडत मात्र. मुलीला त्यांनी फोनवर सांगितलंसुद्धा, "तुझ्या आईचं डोकं काही बरं नाही, एकदा दाखवायला हवं." मुलगी म्हणाली, "आईला काही झालेलं नाही, बाबा." आणि तिने विषय बदलला.

मग बायकोचा भाऊ पाय घसरून पडला, मांडीचं हाड मोडलं, आणि ती त्याच्याकडे गेली.

ती गेली त्याच दिवशी सकाळी शाळेची व्हॅन चालवणारी बाई दोन दिवे घेऊन आली. उभ्याउभ्याच बोलली. "मास्तर, कालव्याच्या कडेच्या रस्त्याने जाते मी. कठडा नाही त्याला. परवा धुक्यात कडाच दिसेना, मधेच गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवत बसले. मागे पोरं गाणी म्हणत होती, त्यांना काय कळतंय. संध्याकाळपर्यंत द्या, उद्या पुन्हा जायचंय."

"भोक कुणी बुजवलं?" मास्तरांनी दिवा उलटा करून अंगठ्याने चाचपलं.

"नवऱ्याने. मोठा इंजिनिअर लागून गेलाय."

मास्तरांना हसू आलं, पण सुनावायचं त्राण नव्हतं.

दुपारपर्यंत दोन्ही दिवे उघडून, वाळवून, बसवून झाले. मास्तरांनी बर्फ आणला, फडकं ठेवलं, उचललं. ढग. दोन्हींवर ढग. त्यांनी दारात जाऊन बाहेर पाहिलं, तर समोरच्या भिंतीवरही तोच ढग. ते परत बसले, पाठीला हात लावून कण्हले आणि दोन्ही दिवे पुन्हा उघडले. पुन्हा भट्टी, पुन्हा वाळवण, पुन्हा गोंद. पुन्हा फडकं. ढग तिथेच.

चहा आला नाही. मास्तरांना नवल वाटलं की आपण त्याची वाट पाहतोय.

देऊन टाकावेत, असं मनात आलं. एक दिवा त्यांनी कागदात गुंडाळायलाही घेतला. दिवे पेटत तर होते. वर्षभर काही बिघडलं नाही, आजच काय व्हायचंय? त्यांना इतका थकवा आला होता की भट्टीशी पुन्हा जायचं म्हटलं तरी रडू आलं असतं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे बायको होती.

"काय करताय? चार वाजून गेले."

"मग? तुझ्या चहाची आठवण काढत बसलोय." मास्तर वैतागून म्हणाले. "मी सोडलाय चहा, कितीदा सांगायचं?"

"ठाऊक आहे मला."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फडकं ठेवलंत का?" तिने विचारलं.

"ठेवलं."

"काय दिसतंय?"

मास्तरांनी फडकं पुन्हा बर्फाच्या पाण्यात बुडवलं. पलीकडे तिच्या भावाच्या खोलीत कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्ही फ्रिजमधून बर्फ काढलात की मी आधण ठेवायचे," ती म्हणाली. "काहीतरी निमित्त नको का यायला? उगीच येऊन बघितलं असतं तर तुम्ही खायला उठला असतात."

"म्हणजे तुला..."

"लेकीला पण माहीत आहे. तुम्ही मला वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला होतात ना?" ती हसली, मग तिचा आवाज बदलला. "अहो, दिवे कुणाचे आहेत?"

"शाळेच्या व्हॅनचे."

"मग तिला बघायला सांगा. मी नाहीये तिथे."

व्हॅनवाली बाई उन्हं उतरताना आली. मास्तरांनी दोन्ही दिवे पेटते ठेवले होते. त्यांना भयंकर लाज वाटत होती. थोरला भाऊ वारला तेव्हा चारचौघांत रडू आलं होतं, तेव्हाही एवढी वाटली नव्हती. त्यांनी फडकं बुडवलं, पिळलं, एकेका काचेवर ठेवून उचललं.

"बाई," ते म्हणाले, "मला दिसत नाही. डोळ्यात मोतीबिंदू आहे. आत ढग आहे का ते तुम्हीच बघा."

बाई गुडघ्यांवर बसली. डावा दिवा निरखला. "हा स्वच्छ आहे." मग उजवा. तिने मान वाकडी केली, आणखी जवळ गेली. "इथे आहे, मास्तर. खालच्या कोपऱ्यात. बोटाएवढा."

मास्तर तिथेच खाटल्यावर बसले. हाच दिवा मघाशी त्यांनी कागदात गुंडाळायला घेतला होता. उद्या सकाळी तो कालव्याच्या बाजूला लागला असता, मागे गाणी चालू असताना.

"उघडतो पुन्हा," ते म्हणाले. "तुम्ही थांबा मात्र. तुमच्याशिवाय व्हायचं नाही."

बाईने घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि भट्टीजवळ स्टूल ओढलं. या खेपेला फडकं उचलल्यावर ती बराच वेळ बघत राहिली, आणि मग म्हणाली, "काही नाही. एकदम कोरडा." जाताना तिने मास्तरांना विचारलं, ऑपरेशन का नाही करत. मास्तरांनी भावाचं सांगितलं. माझ्या सासूचं झालंय, ती सुईत दोरा ओवते आता, एवढंच बोलून ती दिवे उचलून गेली.

मास्तरांनी बायकोला फोन लावला.

"उजव्यात ओल होती," ते म्हणाले.

त्यांनी ओलं फडकं दांडीवर टाकलं.

"मी दिला असता तो. तुझा फोन आला नसता तर दिला असता."

"दिला नाहीत ना?"

"नाही." मास्तरांनी विझत आलेल्या भट्टीकडे पाहिलं; तीही धुरकट दिसत होती. "तू आलीस की डॉक्टरकडे जाऊ. माझ्यासाठी."

"बरं."

"आणि चहा ठेव आल्यावर."

"तुम्हाला पित्त होतं."

"होऊ दे," मास्तर म्हणाले. "वर्षभराचा मोरीत ओतलाय मी. एक तरी पितो."