मालिनीबाईंची न झालेली गाडी

मालिनीबाई मासे घ्यायला निघाल्या की मीही पिशवी घेऊन त्यांच्या मागे निघायचो. आम्ही एकाच शाळेत होतो. त्या गणित शिकवायच्या, मी ऑफिसात हेडक्लार्क. घरंही एकाच आळीत. त्यांचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून सगळा बाजारहाट त्याच करायच्या, आणि त्यांनी ठरवलेल्या भावात माझंही काम होऊन जायचं. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू, मी फुकटचा फायदा घ्यायचो.

हौसा मच्छीमार्केटात अगदी पहिल्या ओट्यावर बसायची. तिने सुरमईचा भाव सांगितला की बाई आधी हसायच्या. मग कल्ले उचलून बघायच्या, बोटाने दाबून बघायच्या आणि निम्म्याहून कमी भावाला मागायच्या. हौसा कपाळावर हात मारायची, डिझेल महागलं म्हणायची, "शाळेत पोरांस्नी ह्येच शिकवतेस काय गो बाय?" असं विचारायची. थोडी ती उतरायची, थोड्या ह्या चढायच्या. शेवटच्या पाच-दहा रुपयांवर घोडं अडलं की बाई पदर खोचून सरळ चालू लागायच्या. त्यात एकच नियम होता, मागे बघायचं नाही. उन्मेष, त्यांचा एकुलता एक मुलगा, लहानपणी त्यांचं बोट धरून असायचा आणि हटकून मागे वळायचा. लगेच डोक्यात टपली बसायची. "बघितलंस की गेलं," बाई दबक्या आवाजात सांगायच्या. दारापर्यंत पोचायच्या आत हौसाची हाक यायचीच, "ये गो बाय, ने! ने नि खा एकदाची!" मग बाई परत फिरायच्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

कापडवाला हाक मारायचा, नारळवाला मारायचा, भांडीवाला तर दुकानाच्या पायऱ्या उतरून यायचा. उभ्या आयुष्यात बाई उठून गेल्या आणि कोणी बोलावलं नाही असं झालं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते ह्याच्यातूनच झालं.

उन्मेष डिप्लोमा करून एका केमिकल कारखान्यात लागला होता. कारखाना बंद पडला. मग दोन-अडीच वर्षं तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवत होता, स्टेशनवरून प्रवासी घ्यायचे, गणपतीपुळ्याला सोडायचे, मालकाच्या हातावर पैसे ठेवायचे. गणपतीपुळ्यात महिपत नावाचा लॉजवाला होता. पोराचं वागणं त्याला आवडलं होतं. तो म्हणाला, "मे महिन्याच्या आत स्वतःची गाडी आण. माझं सगळं गिऱ्हाईक तुझं." त्याच सुमारास मस्कतहून मित्राचा निरोप आला, कंपनीत ड्रायव्हर हवेत, एप्रिलच्या सुरुवातीला हो की नाही ते कळव.

उन्मेष एका संध्याकाळी माझ्यासमोरच आईला म्हणाला, "आई, गाडी झाली तर मी जाणार नाही. मला इथेच राहायचंय." हे पोर मोजकं बोलणारं. बाईंनी दुसऱ्याच दिवशी फंडातून पैसे काढायचा अर्ज माझ्या टेबलावर आणून ठेवला. निवृत्तीला त्यांची थोडीच वर्षं उरली होती. मी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, तर म्हणाल्या, "गोपाळराव, बघताय काय? शिक्का मारा."

२००३ सालचा मार्च होता. हातखंब्याच्या रस्त्यावर नवीन शोरूम झाली होती, पुढे सगळी काच आणि आत थंडगार. तिथे ती गाडी उभी होती. पांढरी, कारसारखी मऊ, जीपसारखी उंच, मागे सामानाला ऐसपैस जागा. उन्मेषने दार उघडलं, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि काढलेच नाहीत. मी बरोबर होतो तो जामीन म्हणून. फंडाचे पैसे अपुरे होते, उरलेलं कर्ज देणाऱ्या फायनान्सवाल्याला सरकारी पगाराचा जामीन हवा होता, आणि माझ्यासारखा वेळेवर पगार घेणारा दुसरा रिकामा माणूस आळीत नव्हता.

सेल्समनचं नाव शौनक. कोल्हापूरहून शिकून आलेला, टाय लावलेला, कशाचाही राग न येणारा. त्याने किंमत सांगितली आणि बाई हसल्या. मी मनात म्हटलं, सुरू झालं.

खरं सांगतो, त्या दुपारी मी बाईंचा बाजार बघितला तसा कधी बघितला नव्हता. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, टायर दाबून बघितले, बॉनेट उघडायला लावलं. आत बघून त्यांना काय कळणार होतं देव जाणे, पण "हं" असं म्हणाल्या की शौनक आपला खुलासा करायला लागायचा. किंमत उतरली. सीट कव्हर फुकट झाली. छपरावरचं कॅरियर फुकट झालं. मग कोपऱ्यातला फायनान्सवाला पुढे आला. त्याने व्याजाचा आकडा सांगितला तेव्हा बाईंनी त्याच्याकडूनच पेन मागून घेतलं. "मी दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार आणि तुम्ही शेवटपर्यंत पहिल्या दिवसाच्या रकमेवर व्याज लावणार? मग हा दर तुम्ही सांगता तो नाहीच. जवळजवळ दुप्पट आहे." फायनान्सवाला शौनककडे बघायला लागला. आत कोणाला तरी फोन झाला. दर अर्ध्या टक्क्याने खाली आला. ही मार्चअखेरपर्यंतची खास सवलत आहे, असं त्याने दोनदा सांगितलं.

उन्मेषच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. माझ्या खिशात पगाराचा दाखला होता, तो मी बाहेर काढून मांडीवर ठेवला. झालंच होतं हो सगळं.

तेवढ्यात फायनान्सवाला म्हणाला, "आणि फाईल चार्ज तीन हजार."

"फाईल म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे कागदपत्रांचा खर्च, मॅडम."

"कागदाचे तीन हजार? मी जन्मभर कागदातच आहे. पाचशे देईन."

तो नाही म्हणाला. शौनक म्हणाला, ते आमच्या हातात नाही, मॅडम, सगळ्यांनाच लागतं. बाई हजारावर आल्या. तो तिथेच. बाईंनी पर्स उचलली, पदर खोचला आणि उठल्या. मला कळलं आता काय होणार. मीही दाखला खिशात घातला आणि उठलो, कारण सवयच तशी होती. उन्मेष तेवढा खुर्चीतच बसून राहिला. आईच्या पाठीकडे बघत होता. मग तोही उठला.

शोरूम लांबलचक होती. चकचकीत फरशीवर बाईंच्या चपला वाजत होत्या. मागून धावत येणारी पावलं ऐकू आली आणि बाईंच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू उमटलं, मी बाजूनेच चालत होतो, मी बघितलं. शौनक धापा टाकत आमच्या पुढे गेला. त्याने काचेचं दार उघडलं, धरून ठेवलं आणि अदबीने म्हणाला, "थँक यू, मॅडम. पुन्हा या."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बाई पायरीवर जरा थांबल्या. मागे बघितलं नाही. आम्ही रिक्षात बसलो.

घरी आल्यावर उन्मेष म्हणाला, "आई, मी जाऊन तीन हजार भरून येतो."

"अजिबात नाही. आज ना उद्या फोन येतो. तुला बाजार कळत नाही."

मी म्हटलं, "बाई, ती काय मच्छी आहे संध्याकाळी नासायला? त्यांना कसली घाई?" तर माझ्यावरच उखडल्या. "गोपाळराव, तुम्ही आजवर एक जुडी कोथिंबीर तरी घासाघीस करून आणलीत का?" आणली नव्हती.

मग फोनची वाट बघणं सुरू झालं. बाई शाळेतून तडक घरी यायच्या, फोन स्वयंपाकाच्या ओट्यावरून ऐकू येईल अशा ठिकाणी आणून ठेवला होता. वाजला की तीन वेळा वाजू द्यायच्या, मग उचलायच्या. कधी मुंबईची बहीण असायची, कधी गॅसवाला. उन्मेष दुसऱ्याची गाडी घेऊन जायचा आणि आल्यावर काही विचारायचा नाही. पैसे आईचे, म्हातारपणासाठी ठेवलेले. त्यातले तीन हजार जबरदस्तीने द्यायला लावणं त्याला जमलं नाही. आईच्या पुढे बोलायची त्याला सवयच नव्हती, तिनेच ती लागू दिली नव्हती.

मार्च संपला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शौनकचा फोन आला. बाईंनी तीन वेळा वाजू दिला. तो अगदी गोड बोलला. सवलत संपली, कंपनीने किंमत वाढवली, ती पांढरी गाडी गेली, पण नवीन बुक करायची असेल तर मॅडमचं स्वागत आहे. गाडी कोणी घेतली तेही कळलं. पावसचा बाळा म्हणून एक ड्रायव्हर होता, त्याने. तीन हजार भरून. महिपतने मेचं गिऱ्हाईक त्याला देऊन टाकलं. महिपतला तरी काय म्हणणार, त्याचे पाहुणे स्टेशनवर थोडेच ताटकळत बसणार होते.

बाई मला न सांगता एकट्याच रिक्षाने गेल्या. हे मला नंतर कळलं. वाढलेली किंमत, वाढलेला दर, फाईल चार्ज, सगळं कबूल करून आल्या. एका रुपयाचीही घासाघीस केली नाही. घरी येऊन उन्मेषला म्हणाल्या, "झालं. पंधरा दिवसांत गाडी देतो म्हणाला."

उन्मेष जेवत होता. तो म्हणाला, "आई, मी काल होकार कळवला."

"मग नाही म्हणून कळव."

"महिपतकडचं काम गेलं. आता हप्ते कशावर भरू? तुझ्या पेन्शनवर? नको, आई. आता नको."

त्याने हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं बाई मला म्हणाल्या. तो शांतपणे म्हणाला आणि भात कालवत राहिला.

पावसाळ्याआधी तो गेला. रिक्षा आळीच्या तोंडाशी उभी होती. पाया पडला, बॅग उचलली आणि चालायला लागला. आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. मला वाटलं, वळेल. आळी काही फार मोठी नाही. पण तो सरळ चालत गेला, एकदाही मागे बघितलं नाही. बाई फाटकाची कडी धरून उभ्या होत्या, ओठ हलले, पण हाक फुटली नाही. माझा संताप झाला. कोणावर ते मला आजही सांगता येणार नाही. बाईंवर, पोरावर, त्या टाय लावलेल्या मुलावर, सगळ्यांवरच. मी घरी येऊन कारण नसताना बायकोवर ओरडलो.

मस्कतला त्याचं बरं चाललंय. दोन वर्षांनी एकदा येतो, आईला अत्तर आणि खजूर आणतो, मला एक टॉर्च आणली होती. तिथे कंपनीची गाडी चालवतो, पांढरी, अगदी तसलीच. तिच्याशेजारी उभा राहून काढलेला फोटो त्याने पाठवला. शेजारणीने विचारलं, "उन्मेषची का हो गाडी?" बाई म्हणाल्या, "नाही. दुसऱ्याची आहे." आणि फोटो घेऊन आत गेल्या.

बाई निवृत्त झाल्या, मागोमाग मीही. अजून आम्ही मच्छीमार्केटात बरोबर जातो, पण आता मला त्यात फायदा उरलेला नाही. हौसा भाव सांगते आणि बाई तेवढे पैसे काढून देतात. हौसाला हे मुळीच आवडत नाही. पहिल्यांदा तिला वाटलं बाई रुसल्या. मग वाटलं आजारी आहेत. परवा तिने मुद्दामच सौंदाळ्यांसारख्या साध्या मासळीचा भाव दुप्पट सांगितला, मलासुद्धा ठसका लागला. बाईंनी पाकीट उघडलं.

हौसाने पैसे घेतलेच नाहीत. "बाय, माग की गो! ह्यो भाव हाय काय? चार शिव्या घाल मला. उठून चालू लाग, मी हाक मारतंय."

"आणि नाही मारलीस तर?" बाईंनी विचारलं.

हौसा हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. तिने नोटांतली निम्मी रक्कम ठेवून घेतली, बाकीची बाईंच्या पाकिटात स्वतःच्या ओल्या हातांनी परत घातली. बाईंनी मोजून बघितलं नाही. मी पिशवी उचलली आणि आम्ही दाराकडे निघालो.