नागव्वाचं वेगळं कारट

निंबर्ग्याच्या नागव्वाला लिहितावाचता येत नव्हतं, पण रेशनच्या सरकारी हुकमातली दफा नऊ तिला तोंडपाठ होती. तीही उर्दूत! दफा म्हणजे कायद्याचं कलम, एवढंही तिला आधी ठाऊक नव्हतं. पण पोटात खड्डा पडला की माणूस काय शिकत नाही, सांगा बरं.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन होऊन दोन वर्षं झाली होती, पण सरकारी कागद अजून उर्दूतच निघायचे. धान्यावर कंट्रोल होता. शिवशंकरप्पाच्या दुकानात रेशनच्या कारटावर, म्हणजे कार्डावर, माणशी मोजून जवारी मिळायची. नागव्वाचा नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. थोरला दीर जगदेवप्पा यानं सहा महिन्यांतच तिला घराच्या मागची पडवी दाखवली आणि म्हणाला, "तुझं तू बघ." तेव्हापासून ती लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि पडवीत तीन दगड मांडून रांधायची.

कारटं लिहायला कारकून आला तेव्हा ती रानातच होती. त्या शहाण्यानं काय करावं? दारं मोजली! एक दार, एक कारट. जगदेवप्पाच्या कारटावर नागव्वाचं नाव आणि पोरींची नावं ठोकून दिली आणि गेला पुढच्या गावाला. झालं, तिघींच्या वाट्याची जवारी दर आठवड्याला जगदेवप्पाच्या कणगीत जाऊ लागली. मनात आलं तर तो तिला सूपभर द्यायचा, आणि देताना तोंड असं करायचा की जणू स्वतःचं काळीजच काढून देतोय. मनात आलं नाही तर पोरी अंबाडीच्या भाजीवर निजायच्या.

सरकारी हुकूम चावडीच्या भिंतीला चिकटवला होता. शाळेचे कल्लप्पा मास्तर एक दिवस तो वाचत उभे होते. नागव्वा डोक्यावर गवताचा भारा घेऊन तशीच थांबली.

"मास्तर, त्यात माझ्यासारखीचं काय लिवलंय का?"

मास्तरांनी बोट फिरवत दफा नऊ वाचली, "एक चूल्हे पर पकाकर खानेवाले एक कुनबा समझे जाएंगे." मग समजावून सांगितलं, "कुनबा म्हंजे कुटुंब. दार मोजायचं न्हाई, नागव्वा. चूल मोजायची. तुझी चूल वेगळी, तर कारट वेगळं."

त्या दिवसापासून खुरपं चाललं की तोंडात दफा नऊ. सोबतच्या बायका म्हणाल्या, हिला लागलंय काहीतरी. मास्तरांनी अर्ज लिहून दिला, तिनं अंगठा उठवला, आणि महिन्याभरानं तालुक्याच्या आळंदहून रेशनचे इन्स्पेक्टरसाहेब आले.

निम्मं गाव अंगणात जमलं. थोरल्या दिरासमोर नागव्वानं आजवर तोंड उघडलं नव्हतं. तिनं पदर ओढला, खांबाकडं तोंड केलं आणि दफा नऊ धडाधड म्हणून टाकली. साहेब चाट पडले.

"किसने सिखाया?"

"पोटानं, साहेब."

साहेबांनी आत जाऊन दोन्ही चुली पाहिल्या. कारकुनाची चूक उघडच होती. ते कागद काढणार, एवढ्यात जगदेवप्पा पुढं सरसावला. "साहेब, हिच्या चुलीत विस्तव कुठला हाय इचारा की! रोज सकाळी आमच्याच चुलीतली पेटती गोवरी नेतीया. विस्तव एक, म्हंजे चूल एक!"

साहेबांचा हात थांबला. हुकमात विस्तवाबद्दल अक्षर नव्हतं. आता गेलं कारट, गेल्या पोरी, असं नागव्वाला वाटलं. आणि मग तिला असा संताप आला की खांब राहिला बाजूला, ती सरळ दिराकडं वळली.

"व्हय अण्णा, तुमच्याच चुलीतला नेते. पन तुमच्या चुलीत कुठला येतो? पाटलीणबाई बसव्वाकडचा! बसव्वाच्या चुलीत येतो मठातला! मग साहेब, मठ, पाटील, अण्णा, आमी, सगळ्यांला एका कारटावर लिवा. आन त्या कारटाची समदी जवारी माझ्या पडवीत उतरवा!"

अंगणात असा हशा पिकला की शिवशंकरप्पाला ठसका लागला. साहेबांनी हसू आवरत विचारलं, "आज शेजाऱ्याकडून विस्तव कोणी आणला?" पटापट हात वर झाले. तेवढ्यात जगदेवप्पाची बायको गौरम्मा आतून ओरडली, "मीबी आनला, बसव्वाकडनं! खोटं कामून बोलायलाव?" जगदेवप्पाचं तोंड पाहण्यासारखं झालं.

साहेबांनी तिथंच नवं कारट लिहायला घेतलं. "कुटुंबप्रमुखाचं नाव? दिराचं घालू का?"

"कामून? नागव्वा लिवा."

लिहिलं. माणसं तीन, चूल एक, प्रमुख नागव्वा. दुसऱ्याच दिवशी वेगळ्या चुलीच्या पाच बायका मास्तरांच्या दारात अर्ज लिहून घ्यायला बसल्या, आणि त्यांच्याकडून दफा नऊ घोकून घ्यायला नागव्वा!

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी ती दुकानातून भरल्या टोपलीनं, मुद्दाम मधल्या गल्लीनं, ताठ मानेनं घरी आली. दळलं, थापलं, पोरींना गरम गरम वाढलं. चौथी भाकरी ताटात पडणार तोच धाकट्या पारीनं हात आडवा धरला.

"आव्वा, बास. पोट भरलं."

नागव्वाचा हात तसाच राहिला. "काय म्हनलीस?"

"पोट भरलं."

"आजून एकदा म्हन," नागव्वा म्हणाली.