चार पाकळ्यांची जाळी

आमची मुलुंडची इमारत जुनी आहे. लिफ्ट नाही, पण जिन्याच्या प्रत्येक वळणावर सिमेंटची जाळी आहे आणि तिला चार पाकळ्यांच्या फुलासारखी मोठमोठी भोकं. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. त्यामुळे या फुलाचं नाव मला माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणून धापा टाकत वर येणाऱ्या पाहुण्यालाही ते ऐकावं लागतं. ‘‘क्वाटरफॉइल! युरोपात चर्चच्या खिडक्यांना असतं, सरदारांच्या ढालींवरसुद्धा.’’

चार वर्षांच्या नातीलाही सांगून झालं होतं. ती म्हणाली, ‘‘ढालीला भोक? मग बाण आत येईल ना, आबा?’’

मे महिन्यातली गोष्ट. आम्ही दोघं खाली निघालो होतो. मी दाराला कुलूप लावत होतो, तेवढ्यात तिची हाक आली, ‘‘आबा!’’ हाक बाहेरून आली. इमारतीच्या बाहेरून.

वळलो. वळणावर फक्त फ्रॉक आणि दोन पाय होते. डोकं जाळीपलीकडे, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. आंब्याच्या फांदीखालचं कावळ्याचं घरटं बघायला तिने मान घातली होती, आणि आता ती निघत नव्हती. मी खांदे धरून ओढलं. ती किंचाळली. मी सोडलं. मग मीही किंचाळलो, जरा उशिरा.

फायर ब्रिगेडला फोन लावला. ‘‘माझी नात क्वाटरफॉइलमध्ये अडकलीय हो!’’

‘‘ही सोसायटी कुठल्या रोडवर?’’

शेवटी जाळी म्हणालो, पत्ता सांगितला. निघतो म्हणाले. पण तेवढ्यात कावळी आली. समोरच्या वायरवर बसून ती ओरडायला लागली. घरट्यात पिल्लं असली की कावळे माणसाच्या डोक्यावर कशी झडप घालतात, हे माझ्या टकलाला चांगलं ठाऊक आहे. इथे तर डोकं समोर बांधून ठेवल्यासारखं होतं, आणि मी भिंतीच्या या बाजूला. माझ्या तोंडाने ‘‘काही नाही गं, काही नाही’’ चाललं होतं.

शेजारच्या मालवणी काकी बाहेर आल्या. ‘‘अगो बाय माझ्या! भावजी, हातोडी हाडू?’’

‘‘हातोडी आणू नका!’’ माझा आवाज इतका चिरका निघाला की नात रडायची थांबली.

इतक्यात बायको बाजारातून वर आली. पिशवी टाकून तिने हातातली उन्हाची छत्री मिटून शेजारच्या भोकातून बाहेर घातली आणि पलीकडे उघडली. छत्रीवर धप्पकन चोच बसली. मी डोळे मिटले.

‘‘डोळे काय मिटताय? शिरली तेव्हा मान कशी होती?’’

‘‘मी कुलूप लावत होतो.’’

‘‘धन्य आहे. अहो, बांगडी चढते तशीच उतरते. हात तसाच दुमडावा लागतो.’’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात नकाशा उघडला. पाकळ्या तिरप्या. फांदीखाली बघायला तिने मान खांद्याकडे कलवली, डोकं पाकळ्यांत बसून पलीकडे गेलं. मान सरळ केली आणि पाकळ्यांमधली टोकं कानांमागे आली.

म्हणजे तिने पुन्हा मान कलवायला हवी होती. पण भीतीने ती ताठ झाली होती, आणि छत्रीमुळे तिला घरटंही दिसत नव्हतं.

‘‘छत्री काढ,’’ मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने इतक्या संशयाने कधी पाहिलं नव्हतं. तरी तिने छत्री थोडी बाजूला केली. कावळी वायरवरून उडाली.

‘‘पिल्लं किती आहेत गं? मला दिसत नाहीत. फांदीखाली बघ ना!’’

नातीची मान हळूच खांद्याकडे कलली. ‘‘एक... दोन...’’

मी कपाळाला आणि हनुवटीला हात लावून तिला मागे घेतलं. कान निसटले. डोकं माझ्या छातीवर आदळलं आणि बाहेर छत्रीवर पुन्हा धप्प झालं.

मी तिला धरून तिथेच पायरीवर बसलो. काकींनी फायर ब्रिगेडला येऊ नका म्हणून कळवलं. ‘‘आबा,’’ नात म्हणाली. ‘‘तू का ओढलंस? तिसरं मोजायचं राहिलं.’’

ती ऐकेना. शेवटी मलाच बघावं लागलं. मान नीट कलवून पाहिलं. तीनच होती. नाक मात्र मी जाळीच्या आत ठेवलं होतं.