खाटल्याचं चित्र

सप्तर्षी हे नाव मी शाळेत शिकले. त्याआधी आमच्या वडनेरच्या घरी त्यांना खाटलं म्हणत. चार तारे म्हणजे म्हातारीच्या खाटल्याचे पाय आणि मागचे तीन म्हणजे ते पळवायला आलेले चोर. उन्हाळ्यात अंगणात झोपलो की बाबा विचारायचे, "चोर कुठवर आले व?" आणि मी घाबरून त्यांच्या पांघरुणात शिरायची.

पुढे मी चित्रकलेची शिक्षिका होऊन नालवाडीत राहू लागले. दुर्बिणीतून काढलेले फोटो समोर ठेवून तेलरंगात आकाशगंगा रंगवायचा मला नाद लागला. बाबांना त्यातलं एकही चित्र आवडलं नाही. "रंग सांडल्यावानी दिसते," म्हणाले. मला चांगलाच राग आला होता. मग काचबिंदूने त्यांची नजर जाऊ लागली. एकदा वांगी तोडता तोडता ते म्हणाले, "मले दिसते तवलोक आपलं खाटलं काढ ना बाई."

तेलरंगात जवसाचं तेल घालतात, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. चण्याच्या कडेने ते दरवर्षी थोडा जवस पेरत. पुढच्या खेपेला त्यांनी तेलाच्या घाण्यावरून काढून आणलेल्या तेलाची बाटली माझ्या पिशवीत ठेवली. "याच्यातच काढजो," म्हणाले. मी घरी येऊन ती बाटली स्वयंपाकघरात ठेवली. चित्राचं तेल शुद्ध केलेलं लागतं, घाण्याचं पिवळं पडतं, चिकट राहतं, असं मी पोरांना शिकवत असे. स्वतः कधी करून पाहिलं नव्हतं. बाबांच्या तेलाच्या फोडण्या झाल्या. चित्र दुकानातल्या तेलात झालं, तेही शाळेच्या परीक्षा आटोपल्यावर, सवडीने.

चित्र घेऊन वडनेरला गेले तेव्हा बाबांना फक्त उजेड कळत होता. उशीर मी केला होता, दुसऱ्या कुणी नाही. तारे जाड रंगाने काढलेले होते, म्हणून मी त्यांचा हात धरून चित्रावर ठेवला. त्यांनी बोटाने खाटल्याचे चार पाय मोजले, तीन चोर मोजले आणि हसले. मग चित्र नाकाजवळ नेलं.

"आपल्या तेलाचा वास नाई येत."

"सुकल्यावर वास जाते, बाबा."

"असंन." जरा वेळाने म्हणाले, "आपलं तेल खराब तं नाई निंघालं?"

"नाई हो. त्याच्यातच काढलं."

खरं सांगायला तीच वेळ होती. ती मी घालवली.

त्यानंतरचा जवस निघाला आणि महिन्याभरात बाबा गेले. तेरवी झाल्यावर आईने कपाटातून नव्या जवसाच्या तेलाची एक बाटली काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "दिसत नोयतं तरी आठ दिवस सूप घेऊन बसले होते. बोटानं चाचपून एकेक खडा काढे. मी म्हटलं, काऊन एवढा जीव काढता? तं म्हने, पयल्या तेलात कचरा राह्यला असंन, म्हणून पोरीनं वापरलं नाई."

म्हणजे त्यांना कळलं होतं. आणि दोष त्यांनी आपल्या जवसाला दिला होता. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडले.

नालवाडीला परतल्यावर मी नवा कॅनव्हास लावला आणि त्या तेलात खाटलं पुन्हा काढलं. खोलीभर घरच्या जवसाचा वास भरला. रोज शाळेत जाण्याआधी मी चित्राच्या कोपऱ्यात बोट लावून बघायची. पहिले काही दिवस बोट काळं व्हायचं. मग नुसतं चिकटायचं. एकविसाव्या दिवशी बोटाला काहीच लागलं नाही. मी सगळ्या चित्रावरून, चार पाय आणि तीन चोरांवरून हात फिरवला.

चित्र नीट वाळलं होतं. त्यांच्या पहिल्या तेलातलंही वाळलंच असतं.