अप्पाकाकांच्या नावाची करवत

अप्पाकाका गेले, लिंगैक्य झाले, असा फोन आला तेव्हा मी परभणीच्या शाळेत फळ्यावर गणित सोडवत होतो. काकांच्या गावी, झरीला पोचलो, काकांना समाधी दिली, पाहुणे पांगले... आणि महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा काकूंनी माझ्यापुढे एक जुनी करवत ठेवली. "हिचं काय करायचं ते तूच सांग. तू शिकलेला हायस." शिकलेल्या माणसाची एवढी फजिती मी पाहिलेली नाही. मूठ तडकलेली, पातं गंजलेलं आणि घासून घासून निम्मं उरलेलं. त्यावर काकांच्या दुकानाचं नाव पुसट दिसत होतं. नीट करून घ्यावी की भंगारात द्यावी, काही कळेना.

काकांचं गावात, घराच्या पुढच्या भागातच लोखंडी सामानाचं दुकान. तरुणपणी त्यांना हौस आली, आपल्या नावाचा माल असावा. बाहेरून करवती बनवून घेतल्या, प्रत्येकीवर दुकानाचं नाव कोरून. पोलाद निघालं कच्चं. चार फळ्या कापल्या की धार गुल. नाव कोरलेला माल परत तरी कोण घेणार? दुसरा एखादा मूग गिळून गप्प बसला असता. काकांनी मात्र गिऱ्हाईक सुतारांना सांगून टाकलं, "धार लावून द्यायचं काम जल्मभर आपल्याकडं." तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी ते गल्ला काकूंवर सोपवून ओट्यावर कानस घेऊन बसत. कॉलेजात असताना मी एकदा म्हणालोही, "काका, विकायचं एकदा आणि घासायचं जन्मभर, हा कुठला धंदा?" हात न थांबवता ते म्हणाले, "नाव माझंच हाय नं रे पात्यावर?" मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर आजही थोडा येतो. एका चुकीपायी माणसाने इतकं झिजावं का?

मी त्या करवतीकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात नामदेव मिस्त्री आले. काकांचे जुने गिऱ्हाईक. काका गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, समाधीला ते होतेच. तरी काखेत गोणपाटात गुंडाळलेली तसलीच करवत. "बाजारचा दिस, सवयीनं उचलली बगा," म्हणाले आणि ओशाळले. मी आमची त्यांच्या हातात दिली. त्यांनी दात्यांवरून अंगठा फिरवला.

"न्हाई मास्तर. हिच्यात काई ऱ्हायलं न्हाई. पोलाद पैल्यापासूनच कच्चं."

"मग तुम्ही दुसरी का नाही घेतली?"

"घेतली की. घरी मशीन बी हाय. ही अप्पाकडं यायला ठिवली व्हती."

मी चक्रावलोच. मग इतकी वर्षं काका कुणासाठी घासत होते? त्यांना हे कळलं होतं का? मिस्त्रींना विचारलं, तर म्हणाले, "ते आमच्यासाठी बसायचे का आमी त्यांच्यासाठी यायचो... काय की."

कामाची नाही हे कळलं, पण भंगारात टाकायला हात होईना. शेवटी म्हणालो, "मिस्त्री, कानस कशी धरायची तेवढं दाखवा." ओट्यावर बसून पहिले दोन दाते मी बिघडवलेच. तिसऱ्याला काकांच्या कानशीसारखा खर्र, खर्र असा एकसारखा आवाज निघू लागला.

आतून काकूंचा आवाज आला, "अवो, च्या टाकू का?"

माझा हात थांबला. आतली भांड्यांची खुडबूडही थांबली. हो म्हणावं तरी कुणाच्या वतीने? मी पुन्हा कानस चालवायला लागलो... आणि जरा वेळाने आत गॅस पेटला.