तहबाईंनी न मागितलेला जबाब

तहबाई स्वतःच्या अशिलाचंही सगळं खरं मानत नसत. कोणी तावातावाने बोलायला लागलं की चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "समोरचा हेच कसं सांगेल, ते आता सांगा." माणूस पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचा. करी रोडला चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस. जन्मभर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला आणि निवृत्तीनंतर परदेशी बंदरांत अडकलेल्या खलाशांची प्रकरणं घेतली. नाव चांगलं भारदस्त होतं, पण भांडणाऱ्यांत तह घडवतात म्हणून सगळे तहबाईच म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ संदेश मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. तिकडे दोन शेजारी देशांचं बिनसलं आणि एकाने दुसऱ्याच्या बंदरासमोर युद्धनौका आणून उभ्या केल्या. संदेशची बोट आत अडकली. त्यात वाफेने त्याचा हात भाजला, जखम चिघळली, ताप उतरेना. त्या शहरातच औषधं संपलेली. मी बाईंकडे गेले ती भडकूनच. म्हटलं, टीव्हीवाल्यांना बोलावते, त्या युद्धनौकावाल्यांची लाज काढते. बाई म्हणाल्या, "काढ. ते हट्टाला पेटतील आणि संदेश तिथेच राहील. तुला लाज काढायचीय की भाऊ आणायचाय?" असा राग आला मला त्यांचा, काय सांगू!

कबुली या गोष्टीवर बाईंचा सगळा कायदा उभा असायचा. मला समजावत म्हणाल्या, "नाकाबंदी केली असं कबूल केलं, तर तिचे नियम पाळावे लागतात. औषधं सोडावी लागतात. म्हणून ते कबूलच करत नाहीत. म्हणे फक्त तपासणी चालू आहे." बाईंनी त्या देशाकडे औषधं नेणाऱ्या छोट्या लाँचसाठी परवानगी मागितली. उत्तर आलं, आम्ही कोणाला अडवलेलंच नाही, मग परवानगी कसली? आणि परवानगीशिवाय लाँचवाला तोफांसमोरून जायला तयार होईना. मी हात टेकले. बाईंनी मात्र, बोटीवर ज्या देशाचा झेंडा होता त्याच्यामार्फत लवादाकडे दाद मागितली. त्याच झेंड्याची आणखी एक बोट आत होती. पण बाहेर निघताना युद्धनौकेने दम देऊन परत फिरवलं होतं ते फक्त संदेशच्या बोटीला, त्यामुळे अडवल्याचा पुरावा म्हणून सगळी भिस्त त्या बोटीवरच्या लोकांच्या जबाबांवर होती.

सुनावणीआधीच तिसऱ्या एका देशामार्फत निरोप आला. संदेशच्या बोटीला सोडतो, पण सगळ्यांनी लिहून द्यायचं की आम्ही आमच्या मर्जीने थांबलो होतो. म्हणजे दावाच बुडाला. बाई स्वतः लालबागला आमच्याकडे आल्या. जिने चढून दम लागला होता. खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "संदेशला सही करायला सांगा."

आईने विचारलं, "आणि त्या दुसऱ्या बोटीवरच्या पोरांचा काय?"

बाई म्हणाल्या, "त्यांचं मी बघेन. तुमच्या मुलाच्या हाताला वेळ नाही."

संदेश आला, हात वाचला. आम्ही बाईंना भेटायला गेलो, तर बाहेरच्या खोलीत गिरगावच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा दुसऱ्या बोटीवर. त्यांनी विचारलं, "हाच का तो?" तहबाई म्हणाल्या, "हो. सही मीच करायला लावली." त्यावर त्या पिशवी उचलून उठल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या गेल्यावर संदेशने विचारलं, "बाई, सही दमदाटीने घेतली असं मी आता सांगितलं तर?"

"तर दावा पुन्हा उभा राहील. आणि तुला कुठलीच कंपनी बोटीवर घेणार नाही. म्हणून मी तुझ्याकडे जबाब मागणार नाही."

शेवटपर्यंत मागितला नाही. दुसरी बोट आतच असताना बाई आजारपणात गेल्या. त्यांना श्रद्धांजली वाहायचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि संदेश तडक त्यांच्या ज्युनिअर वकिलाकडे जाऊन जबाब देऊन आला. मी म्हटलं, "अरे, पोटाचं काय?" म्हणाला, "ताई, तू गप गं."

लवादाने दावा पुन्हा सुनावणीला घेतला. निकाल लागायच्या आधीच त्या देशाने मुकाट्याने दुसरी बोट सोडली. त्या दिवशी दुपारी गिरगावच्या बाईंचा फोन आला. संदेश घरीच होता, आता तो घरीच असतो. हे ऐकायला तहबाई हव्या होत्या, एवढंच माझ्या मनात येत होतं. त्याने फोन आईच्या हातात दिला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं.

आई म्हणाली, "रड गो बाये, रड."